मशीनमध्ये पाणी का चढत नाही? कात्रपच्या गच्चीपासून ठोकरवाडीपर्यंत

मागे एकदा तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं, "संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे?" आज त्याचं उत्तर आमच्या कात्रपच्या घरातून देते. बदलापूर पूर्वेला चार मजली इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. फेलोशिपचे पहिले पैसे आले तेव्हा आईसाठी फुली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेतलं. दोन महिन्यांत ते रुसलं. बटण दाबलं की गुणगुणायचं, काही मिनिटं वाट बघायचं आणि पाणी न भरताच शिट्टी मारून थांबायचं. नळ उघडला तर पाणी होतं.

आई म्हणाली, "मलाच नीट वापरता येत नसेल." हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचंय.

आधी सोपं तपासलं. नळ पूर्ण उघडा आहे का? पाइप कुठे मुडपलाय का? मग नळ बंद करून पाइप काढला आणि मशीनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बघितली. तिच्यात गाळ होता. जाळी धुतली, तरी फरक नाही. मेकॅनिक आला, व्हॉल्व्ह गेलाय म्हणाला, नवा बसवला, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच शिट्टी.

इथे बहुतेक जण दुसरा मेकॅनिक बोलावतात. संशोधकाने प्रश्न बदलायचा असतो. "मशीनमध्ये काय बिघडलंय?" याऐवजी मी विचारलं, "या मशीनला कसं पाणी हवंय आणि आमच्याकडे कसं येतं?"

अशा मशीनमधला व्हॉल्व्ह साध्या नळासारखा नसतो. विजेने फक्त एक बारीक भोक उघडतं, आतला रबरी पडदा उचलायला पाण्याचाच दाब लागतो. म्हणून नळाला धार दिसते, पण व्हॉल्व्ह उघडत नाही. अनेक मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब ०.३ बार दिलेला असतो, म्हणजे साधारण ३ मीटर उंच पाण्याचा स्तंभ. आता गच्चीवर चला. मशीनच्या तोंडापासून स्लॅब जेमतेम २ मीटर वर, त्याच्यावर टाकी. टाकी भरलेली असेल तर ३ मीटर कसेबसे जुळतात. दुपारपर्यंत टाकी अर्धी होते आणि गणित हुकतं. तळमजल्याला हाच स्तंभ आणखी ९ मीटर मिळतो, त्यामुळे तिथल्या काकूंना हा त्रास माहीतच नाही.

इथपर्यंत झालं भौतिकशास्त्र. इतिहास पुढे सुरू होतो. मुळात आमचं पाणी गच्चीवरून का येतं?

घरगुती ऑटोमॅटिक मशीन अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्ये लोकांसमोर आणलं. नळाला चोवीस तास दाबाने पाणी असणार, हे त्या यंत्राने गृहीतच धरलं होतं. आपल्याकडेही कागदावर तशी अपेक्षा आहे. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत एक मजली घरांसाठी ७ मीटर, दोन मजली घरांसाठी १२ आणि तीन मजली घरांसाठी १७ मीटर दाब सांगितला होता. पण पाणी ठरावीक तासच येतं, म्हणून प्रत्येक इमारतीने जमिनीखाली एक टाकी बांधली, पंप बसवला आणि गच्चीवर दुसरी टाकी ठेवली. नळयोजनेचा दाब खालच्या टाकीतच संपतो. वरचा दाब ज्याच्या त्याच्या मजल्याप्रमाणे. सेमी ऑटोमॅटिक मशीन आपल्याकडे इतकं टिकलं, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. त्याला दाब लागत नाही, बादलीनेही भरता येतं.

अजून वर जाऊ. बदलापूरला पाणी पुरवतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. १९७६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळाचं हे १९९७ पासूनचं नाव. पाणी उचललं जातं उल्हास नदीच्या बॅरेजवरून. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये १ लाख ७४ हजार. दहा वर्षांत पाऊणपटीहून जास्त वाढ. यातले कितीतरी लोक अशाच तीन-चार मजली इमारतींत आले आणि प्रत्येक इमारतीत एक सगळ्यात वरचा मजला असतोच.

मग मे महिन्यात उल्हासला पाणी येतं कुठून? त्यातलं बरंचसं घाटापलीकडचं. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने मावळात ठोकरवाडी धरण बांधलं आणि १९२२ पासून तिथलं पाणी कर्जतजवळच्या भिवपुरी वीजगृहात सोडलं जाऊ लागलं. आंद्रा नदीचं हे पाणी एरवी इंद्रायणी, भीमा असं करत पूर्वेला गेलं असतं. मुंबईला वीज देण्यासाठी ते पश्चिमेला वळवलं आणि वीज करून झाल्यावर ते उल्हासमध्ये येतं. भिवपुरीला पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून कोसळतं. तेच पाणी आमच्या गच्चीवर पोचतं तेव्हा त्याला ३ मीटर उंची मिळत नाही!

आता तुमच्यासाठी कामाचं. या शोधात मी तीन प्रकारची साधनं वापरली. पहिलं, वस्तू: जाळीतला गाळ, टाकीची उंची. दुसरं, कागद: मशीनची पुस्तिका, जनगणना, कायदा. तिसरं, तोंडी साक्ष. आणि इथेच मी चुकले. दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन मी चार दिवस मोजमाप करत होते. सकाळी धार जोरात, दुपारी मंद. मोठ्या उत्साहाने आईला तक्ता दाखवला. ती म्हणाली, "अगं, मी पहिल्या आठवड्यापासून सांगतेय, टाकी भरली की लाव म्हणून."

खरंच सांगत होती. मी ते "आईची सवय" म्हणून सोडून दिलं होतं. पाणी कधी येतं, पंप कधी लागतो, टाकी कधी उतरते हे वर्षानुवर्षं बघणारी बाई आमच्या घरात होती. मी मात्र आधी मेकॅनिकचं ऐकलं आणि नंतर पुस्तिकेचं. त्याहून वाईट म्हणजे, पाण्याच्या व्यवस्थेचा दोष तिने स्वतःवर घेतला होता आणि मी तो तसाच राहू दिला होता.

सध्या मशीन सकाळी पंप बंद झाल्यावर लागतं आणि नीट भरतं. गच्चीच्या टाकीच्या खाली छोटा प्रेशर पंप बसवावा, असा विषय सोसायटीच्या बैठकीत मांडलाय. नळयोजनेच्या लाइनला थेट मोटर मात्र लावू नका. त्याने शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं आणि गळक्या जागांतून घाणही आत येऊ शकते.

तुम्हाला एक काम देते. घरातली नीट न चालणारी एक वस्तू निवडा. ती कुठल्या परिस्थितीसाठी बनली होती आणि तुमच्याकडे कुठली परिस्थिती आहे, हे दोन रकान्यांत लिहा. त्या दोन रकान्यांमधला फरक म्हणजे तुमचा प्रश्न. पण लिहायला बसण्याआधी ती वस्तू रोज वापरणाऱ्या माणसाशी बोला.