दीर्घकालीन आजारात भ्रमणध्वनीची साथ

उच्च रक्तदाब आणि मधुमेह या विकारांत रुग्णाला बहुधा काही दुखत-खुपत नाही. त्यामुळे थोडे बरे वाटताच गोळ्या बंद होतात, तपासणीची तारीख टळते आणि पुढे पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार उद्भवतो. दोन तपासण्यांमधील काळात रुग्णाशी संपर्क टिकवण्यासाठी भ्रमणध्वनीचा वापर करण्याचे अनेक प्रयत्न भारतात झाले आहेत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. इतक्या रुग्णांचा पाठपुरावा केवळ बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतून करणे अवघड आहे.

मुनिरका येथील केंद्र

दिल्लीतील मुनिरका येथे राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था आहे. दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून ९ मार्च १९७७ रोजी ती अस्तित्वात आली. गरोदर माता आणि बालकांच्या नोंदींची दूरध्वनीवरून खातरजमा करणारे केंद्र २०१४ मध्ये येथे सुरू झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पोर्टलचे कामही याच संस्थेतील आरोग्य माहिती केंद्राकडे सोपवण्यात आले.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये ‘एम-डायबेटिस’ हा उपक्रम सुरू केला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१२ मधील संयुक्त कार्यक्रमाशी तो जोडलेला होता. ‘मिस्ड कॉल’ दिल्यावर नोंदणी होई आणि आहार, व्यायाम व औषधोपचार यांविषयीचे लघुसंदेश मिळू लागत. यासाठी महागडा फोन किंवा इंटरनेट जोडणी आवश्यक नव्हती. सेनेगलमध्ये २०१४ साली याच कार्यक्रमांतर्गत रमजानच्या काळात मधुमेही रुग्णांना संदेश पाठवण्यात आले होते.

संशोधन काय सांगते?

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ पुरुषांना त्यात सहभागी करून घेण्यात आले. सर्वांना जीवनशैलीविषयी सल्ला देण्यात आला. मात्र एका गटाला त्याशिवाय नियमित लघुसंदेशही पाठवण्यात आले. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्या गटात १८ टक्के, तर दुसऱ्या गटात २७ टक्के जणांना मधुमेह झाला.

सर्वच प्रयत्नांना असे यश आले नाही. दक्षिण भारतातील ६३१ एचआयव्हीबाधित रुग्णांना दर आठवड्याला ध्वनिसंदेश आणि चित्रसंदेश पाठवून औषधाची आठवण देण्याचा प्रयोग झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचाराच्या परिणामात त्यामुळे फरक पडला नाही. हरियाणा आणि कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘एम-वेलकेअर’ ही प्रणाली तपासून पाहण्यात आली. तिच्यात परिचारिकेला उपचाराचे मार्गदर्शन आणि रुग्णाला स्मरण-संदेश अशी सोय होती. प्रणाली असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या केंद्रांत रक्तदाब घटला. दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही ठिकाणी परिचारिकांना प्रशिक्षण मिळाले होते, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

महाराष्ट्रातील अनुभव

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. या उपक्रमात अनेक ठिकाणी ‘सिंपल’ हे मोबाईल ॲप वापरले जाते. येथे फोन रुग्णाच्या नव्हे, तर आरोग्य कर्मचाऱ्याच्या हाती असतो. रुग्णाच्या कार्डावरील क्यूआर संकेत टिपला की त्याची नोंद उघडते. रक्तदाब, दिलेली औषधे आणि पुढील तारीख एवढाच तपशील भरावा लागतो. ठरलेल्या दिवशी न आलेल्यांची यादी ॲप स्वतःच तयार करते आणि कर्मचारी त्यांना दूरध्वनी करतात. अर्थात परत आलेल्या रुग्णाला केंद्रात गोळ्या मिळाल्या, तरच त्या दूरध्वनीचा उपयोग होतो. म्हणूनच ठरावीक उपचारपद्धती आणि औषधांचा अखंड पुरवठा हेही या उपक्रमाचे आधारस्तंभ आहेत. २०२२ मध्ये उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

मर्यादा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातील ५४ टक्के महिलांकडेच होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ४७ टक्के होते. ज्या घरात एकच फोन असतो आणि तो पती किंवा मुलाबरोबर बाहेर जातो, तेथे गृहिणीसाठी आलेला संदेश तिच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. शिवाय सामाईक फोनवर आलेल्या संदेशातून रुग्णाचा आजार इतरांना कळण्याचा धोका असतो. त्यामुळे नोंदणीच्या वेळीच रुग्णाची संमती घेणे आणि संपर्काची सोयीची वेळ विचारून घेणे आवश्यक ठरते.

२५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी दूरध्वनीवरील सल्ल्याला निश्चित चौकट दिली. तरीही रक्तदाब मोजणे, रक्तातील साखर तपासणे, मधुमेही रुग्णाचे पाय आणि डोळे पाहणे यांसाठी प्रत्यक्ष भेट अटळ आहे. छातीत दुखणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसल्यास संदेशाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आजवरचा अनुभव पाहता, नुसत्या संदेशावर विसंबून भागत नाही. रुग्णाची चौकशी करणारा कर्मचारी आणि औषधे उपलब्ध असलेले आरोग्य केंद्र यांची जोड मिळाली, तर भ्रमणध्वनी उपचार सुटलेल्या रुग्णाला परत आणू शकतो.