ऐरण आणि काढा: खेळातल्या कारागिरीचा इतिहास



इतिहासाच्या आपल्या सदरात आज राजे नाहीत, तह नाहीत. आज बोलायचंय ते घरातल्या मोठ्या मुलांच्या जादुई दुनियेतल्या कॉम्प्युटर गेम्सबद्दल. पाठीवर तलवार असलेला योद्धा राक्षसाला सोडून तासभर फुलपाखरं पकडतो, खनिज खणतो, काढे उकळतो. आईबाबांना प्रश्न पडतो, हा कसला खेळ? मुलं याला ‘क्राफ्टिंग’ म्हणतात, म्हणजे लागणारी वस्तू स्वतः घडवणं. जादूच्या काढ्याला ती ‘पोशन’ म्हणतात. या दोन्ही गोष्टींना पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: चांगल्या वस्तूची किंमत कशात असते?

सुरुवात इथे अमेरिकेतच झाली. शिकागोहून गाडीने दीडेक तासावर, विस्कॉन्सिनमध्ये, लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स यांनी मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांच्याबरोबर 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या 1000. कॉम्प्युटरचा संबंध नव्हता. टेबल, कागद, पेन्सिल आणि फासे एवढंच सामान. भारी तलवार हवी असेल तर भुयारात उतरायचं, राक्षस मारायचा आणि त्याच्या खजिन्यातून ती उचलायची. पण नियमांच्या पहिल्याच पुस्तिकेत एक छोटी सोय होती. वरच्या पायरीला पोचलेला जादूगार वस्तू स्वतः बनवू शकत असे. जखम बरी करणाऱ्या एका काढ्यासाठी 250 सोन्याची नाणी आणि एक आठवडा लागे. पैसा आणि वेळ, दोन्ही मोजायचे. हा साधा हिशेब पुढच्या सगळ्या खेळांत या ना त्या रूपात टिकला.

1987 साली ‘नेटहॅक’ आला. त्यात चित्रं नव्हती, पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. इथे काढा प्यायचा तर असेच, शिवाय त्यात वस्तू बुडवताही येई. शापित तलवार पवित्र पाण्यात बुडवली की शाप उतरे. चांगला अनुभव कमावलेल्या खेळाडूने लांब तलवार कारंज्यात बुडवली आणि नशिबाने साथ दिली, तर ती राजा आर्थरची एक्सकॅलिबर होऊन बाहेर येई. नशीब फिरलं तर तलवार गंजे, नाहीतर कारंज्यातून साप निघत. हत्यार सुधारायचं तर धोका पत्करायचा, असा इथला नियम.

खरा बदल झाला 1997 मध्ये. टेक्सासच्या ओरिजिन कंपनीने ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणला. हजारो लोक इंटरनेटवरून एकाच दुनियेत वावरू लागले आणि त्यातले कित्येक लढायला गेलेच नाहीत. ते लोहार झाले, शिंपी झाले. डोंगरात कुदळीने खनिज खणायचं, भट्टीत वितळवायचं, ऐरणीवर चिलखत ठोकायचं. वापरून वापरून वस्तू झिजत, म्हणून योद्ध्यांना दुरुस्तीसाठी लोहाराकडे यावंच लागे. काढे करणारा विषाचा काढा बनवी आणि ज्याला ती कला येई तो तलवारीच्या पात्याला तो लावून देई. कौशल्याची मोजणी शंभरापर्यंत होती. शंभर गाठलेल्या कारागिराच्या उत्तम वस्तूवर त्याचं नाव उमटे. विचार करा, वस्तू तर आकड्यांचीच बनलेली, पण कोणी केली हे लोक बघत आणि चांगल्या कारागिराला गिऱ्हाईक शोधत येई. पुढे 2004 च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने प्रत्येक पात्राला दोनच मुख्य व्यवसाय शिकू दिले. लोहार आणि खाणकामगार झालात, तर काढ्यासाठी दुसऱ्याकडे जाणं आलंच. एकट्याचं भागू नये, अशीच रचना.

एकट्याने खेळायच्या खेळात मात्र शेजारी नसतो. तिथे लोहारही तुम्हीच आणि वैद्यही तुम्हीच. अशा वेळी काय होतं, ते मेरिलँडच्या बेथेस्डा कंपनीच्या दोन खेळांत दिसलं. 2002 च्या ‘मॉरोविंड’मध्ये बुद्धी वाढवणारा काढा होता. बुद्धी जास्त, तर पुढचा काढा जास्त जोरकस. तो प्यायचा आणि आणखी जोरकस काढा करायचा. चक्रवाढ व्याजच की! काही मिनिटांत आकडे आभाळाला टेकत.

2011 च्या ‘स्कायरिम’मध्ये तीन कला एकमेकींत गुंफल्या होत्या: लोहारकाम, काढे आणि वस्तूंवर मंत्र घालणं. ब्लिस्टरवर्ट आणि चमकणारी मशरूम एकत्र केली की लोहारकाम वाढवणारा काढा तयार होतो. तो पिऊन धारेच्या चाकावर बसलात, तर तीच तलवार जास्त चांगली निघते. निळ्या फुलपाखराचे पंख आणि स्नोबेरी यांच्यापासून मंत्राची ताकद वाढवणारा काढा होतो. म्हणून ती फुलपाखरं! तो काढा पिऊन अंगठीवर असा मंत्र घालायचा की पुढचे काढे जास्त चांगले व्हावेत. अंगठीमुळे काढा सुधारतो, काढ्यामुळे नवी अंगठी. सरळ मार्गाने हे चक्र काही फेऱ्यांनंतर थांबतं. पण खेळाडूंना एक फट सापडली. रिस्टोरेशन नावाची विद्या वाढवणारा काढा प्यायला की अंगावरच्या अंगठ्यांचा गुणही वाढत होता. मग मर्यादाच उरली नाही. एका घावात कोणीही कोसळेल अशी तलवार तयार, आणि अशी तलवार हातात आल्यावर कित्येकांना खेळात काही रामच उरला नाही असं वाटलं.

लोहारकामातही तेच. सुरुवातीला वस्तू स्वस्त असो की महाग, शिकण्याचे गुण सारखेच मिळत. त्यामुळे लोक शेकड्यांनी लोखंडी खंजीर ठोकत बसले. 2012 मध्ये कंपनीने नियम बदलला आणि वस्तूच्या किमतीप्रमाणे गुण देणं सुरू केलं. घाऊक माल काढून उस्ताद होता येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार.

पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने 2007 च्या ‘द विचर’मध्ये वेगळा तोडगा काढला. प्रत्येक काढ्याने अंगात विष साठतं. एकामागून एक काढे प्यायलात तर जिवावर बेततं. तलवारीला लावायची तेलंही राक्षसाच्या जातीप्रमाणे वेगळी. समोर कोण आहे हे आधी ओळखायचं, मग तयारी करायची.

मंडळी, या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. वस्तू फुकट आणि अमर्याद मिळाली की तिची किंमत जाते, मग ती जादूची का असेना. खेळ करणाऱ्यांना हे पन्नास वर्षांत वारंवार शिकावं लागलं. बटण दाबून हाताला लोहारकाम येत नाही, हेही खरं. पण काय कशात मिसळलं तर काय होतं, आज किती खर्च केला तर उद्या किती मिळेल आणि कुठे थांबायचं, हा विचार मुलं तिथे करत असतात. तो विचार घरात बोलून दाखवायला त्यांना फारसं कोणी विचारत नाही.

म्हणून एक सुचवतो. पुढच्या वेळी “बंद कर ते” म्हणण्याआधी विचारून बघा: “हा काढा कशाकशाचा केलास रे? आणि तो तलवारीला कसा उपयोगी पडतो?” उत्तर लांबलचक येईल. अर्धं इंग्रजीत येईल. चालेल, उरलेलं अर्धं मराठीत सांगायला सांगा. ऐरण, भाता, काढा, चिलखत हे शब्द इथे वाढलेल्या मुलांच्या तोंडी यायला यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं मिळणार?

भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार!