चपराशाची नेमणूक आणि अर्थखाते

नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही मुलांकडून खात्यांची यादी पाठ करून घेतो. कोणत्या खात्याचे वजन किती, हे मात्र पुस्तकात नसते. ते पाहायचे तर १९४६ चे हंगामी सरकार पाहावे.

२ सप्टेंबरला ते स्थापन झाले. उपाध्यक्ष नेहरू, अध्यक्ष मात्र व्हाइसरॉय वेव्हेल. ऑक्टोबरअखेर मुस्लिम लीगचे पाच सदस्य आत आले. लीगला गृहखाते हवे होते, सरदार पटेल ते सोडेनात. शेवटी अर्थखाते लियाकत अली खानांकडे गेले. अर्थखात्यातले मुरब्बी अधिकारी चौधरी मुहम्मद अली यांनी लीगला हेच घ्या म्हणून सांगितले होते. खर्चाची प्रत्येक फाइल शेवटी तिथेच येते, हे त्यांना ठाऊक होते. साधा चपराशी नेमायचा तरी पटेलांना अर्थखात्याची मंजुरी लागे, असे मौलाना आझादांनी लिहून ठेवले आहे. (स्वतः मौलाना जानेवारी १९४७ मध्ये शिक्षणखाते घेऊन या सरकारात आले.)

२८ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात लियाकत अलींनी लाखावरच्या व्यापारी नफ्यावर २५ टक्के कर सुचवला. उद्योगपती खवळले. पण भाषा काँग्रेसच्याच भाषणांतली, विरोध करायचा कसा?

आमच्याकडे फाळणीची कहाणी दोन-तीन पुढाऱ्यांच्या हट्टापाशी संपते. या अडलेल्या फाइलींनी पटेलांचे मन फाळणीकडे वळवले, असे आझादांचे म्हणणे आहे. आम्हाला ते पटते.