ताऱ्याला फुलीवर धरण्याची कुळकथा

अंगणात दुर्बीण लावून मंद दीर्घिकेचा फोटो काढणारे हौशी लोक दुर्बीण ताऱ्यामागे अचूक चालत ठेवण्याच्या ज्या कामाला ‘गायडिंग’ म्हणतात, त्याची मुळं लंडनजवळच्या ईलिंगमधल्या एका घराच्या बागेत सापडतात. अँड्र्यू एन्स्ली कॉमन हा पेशाने सांडपाण्याच्या कामांचा इंजिनियर. त्याने बागेत ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली, तिचा जड अक्ष पाऱ्यावर तरंगता ठेवला आणि ३० जानेवारी १८८३ च्या रात्री मृगातल्या तेजोमेघाचा ३७ मिनिटांचा फोटो घेतला. दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे फोटोच्या काचेवर उमटले.

याआधी वापरात असलेली ओली काच दहा-पंधरा मिनिटांत वाळून निकामी व्हायची. मॅडॉक्स नावाच्या संशोधकाने १८७१ मध्ये सुचवलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचेने ती अडचण संपवली. काच आता तासन्‌तास प्रकाश गोळा करायला तयार होती, पण दुर्बीण तेवढा वेळ ताऱ्यामागे नीट चालत नव्हती. चालवणारं घड्याळ मागेपुढे व्हायचं, नळी वाकायची, शिवाय तारा क्षितिजाकडे उतरला की वातावरणातल्या वक्रीभवनाने त्याची गतीच बदलायची.

कॉमनने यावर काढलेला तोडगा मला फार मोठा वाटतो. एवढं अवजड धूड हलवण्यापेक्षा काचच हलवायची! काचेची चौकट एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन सरकपट्ट्यांवर बसवली आणि प्रत्येकीला एक स्क्रू दिला. चौकटीच्या कडेला भिंग आणि तारांची फुली. निरीक्षकाने काचेबाहेरचा एखादा तारा त्या फुलीवर घ्यायचा. तो जरा सरकला की स्क्रू फिरवून पुन्हा फुलीवर आणायचा, आणि हे फोटो संपेपर्यंत चालू ठेवायचं. मुख्य दुर्बिणीतल्याच, फोटोच्या कडेबाहेरच्या ताऱ्यावर नजर ठेवणारा आजचा ‘ऑफ-ॲक्सिस गायडर’ याच सरकचौकटीचा वंशज.

दुसरी शाखा लिव्हरपूलजवळच्या मघलची. आयझॅक रॉबर्ट्स हा बांधकाम व्यावसायिक. त्याने ग्रब कंपनीच्या २० इंची आरशाच्या दुर्बिणीसोबत ७ इंची भिंगाची दुर्बीण जोडली, एक फोटोसाठी आणि दुसरी तारा धरण्यासाठी. २९ डिसेंबर १८८८ च्या त्याच्या सुमारे चार तासांच्या फोटोत देवयानी दीर्घिकेचे सर्पिल पट्टे स्पष्ट दिसले. रॉबर्ट्सला ती घडत असलेली सूर्यमाला वाटली. अर्थ चुकला तरी फोटो खरा होता. ग्रबचीच २० इंची दुर्बीण त्याच सुमारास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आली आणि कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिच्यावर काम केलं.

कॉमनची दुर्बीण पुढे क्रॉसली नावाच्या गृहस्थाकडे आणि १८९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत गेली. तिथे खगोलशास्त्रज्ञ जेम्स कीलरने तिच्यातून फोटो घेतले, तेव्हा काचेमागून काचेवर नवे मंद सर्पिल मेघ सापडू लागले. तिच्या आवाक्यात असे मेघ लाखाच्या वर असतील, असा त्याचा अंदाज होता.

या सगळ्या गायडिंगला एक मर्यादा मात्र होती. हातातल्या स्क्रूने घड्याळाची चूक सुधारते, हवेची थरथर नाही. ‘सीइंग’ खराब असलं, म्हणजे वरची हवा अस्थिर असली, की तारा एका सेकंदात अनेकदा उडतो. त्याच्या मागे लागलं तर फोटो आणखी बिघडतो. १९८९ मध्ये एसटी-४ या छोट्या सीसीडी कॅमेऱ्याने फुलीवर डोळा ठेवण्याचं हौशींचं काम स्वतःकडे घेतलं, पण हा धोका तसाच राहिला. म्हणून अशा रात्री गायड कॅमेऱ्याचं एक्स्पोजर अर्ध्या सेकंदाऐवजी दोन-तीन सेकंदांचं ठेवतात. तेवढ्या वेळात थरथरीची सरासरी निघते, खरी घसरण तेवढी उरते आणि तीच सुधारायची. मंद दीर्घिकेच्या पसरट उजेडाचं अशा हवेत ताऱ्यांइतकं नुकसान होत नाही. तिचा खरा वैरी शहराच्या दिव्यांनी उजळलेलं आकाश. त्यावर उतारा एकच, जास्त वेळ. रॉबर्ट्सचे चार तास आता तीन-तीन मिनिटांच्या ८० फ्रेममध्ये वाटले जातात. त्यांतल्या फुगलेल्या ताऱ्यांच्या फ्रेम टाकून देतात आणि उरलेल्या एकमेकींवर रचून स्टॅक करतात.