शयनयान

लांब पल्ल्याच्या आगगाडीत उतारूस रात्री आडवे होऊन निजता यावे अशा रीतीने बांधलेल्या डब्यास शयनयान म्हणतात. बोलण्यात तो ‘स्लीपरचा डबा’ आणि त्यातील निजण्याची फळी हा ‘बर्थ’ होय. प्रस्तुत नोंदीत वातानुकूलित नसलेल्या, तीन थरांच्या भारतीय शयनयानाचाच विचार केला आहे. कारण मुंबईहून कोल्हापूर, सोलापूर, नागपूर किंवा मडगाव येथे रातोरात जाणाऱ्या सामान्य मराठी माणसाचा संबंध प्रामुख्याने याच डब्याशी आला आहे.

पेरांबूरच्या कारखान्याच्या जुन्या आराखड्यानुसार या डब्यात ९ खण व ७२ बर्थ असतात. पुढे आलेल्या जर्मन धाटणीच्या लांब डब्यात १० खण व ८० बर्थ बसतात. प्रत्येक खणात समोरासमोर तीन-तीन असे सहा आणि वाटेपलीकडे खिडकीलगत खाली-वर दोन, अशी आठांची मांडणी असते. या साऱ्या रचनेचा कणा म्हणजे मधला बर्थ. दिवसा खालच्या बाकाची पाठ म्हणून लोंबणारी ही फळी रात्री उचलून वरच्या साखळ्यांना अडकवली, की तिघांच्या बसण्याच्या जागेचे तिघांच्या शय्येत रूपांतर होते; परंतु त्याच क्षणी खालच्या उतारूस ताठ बसणे अशक्य होत असल्यामुळे फळी केव्हा उचलावी, हा प्रश्न निव्वळ यंत्ररचनेचा न राहता शेजारधर्माचाही होतो. रेल्वेच्या हुकमाने रात्री दहा ते सकाळी सहा ही निजण्याची वेळ ठरलेली आहे (२०१७ पूर्वी ती नऊपासून धरीत). आजारी, अपंग व गरोदर उतारूंना त्याहून अधिक वेळ निजू द्यावे, अशी विनंतीही त्याच हुकमात केलेली आहे. प्रत्यक्षात मात्र खालच्या बर्थवरील वृद्धेची भाकरी-चटणी आटोपेपर्यंत मधल्या बर्थचा तरुण दाराशी जाऊन उभा राहतो, आणि तिने “उचल रे बाळा आता” म्हटल्यावरच साखळीला हात घालतो. हा शिरस्ता कोणत्याही नियमावलीत नाही, तरी डबा चालतो तो यावरच.

निजण्याची अशी सोय प्रथम धनिकांसाठी झाली. अमेरिकेत जॉर्ज पुलमन आणि युरोपात बेल्जियमचे जॉर्ज नागेलमाकर्स यांनी तिला एकोणिसाव्या शतकात वैभवाचे रूप दिले. हिंदुस्थानातही वरच्या वर्गाचा उतारू आपली वळकटी सोडून सुखाने निजत असे, त्या वेळी तिसऱ्या वर्गाचा उतारू लाकडी बाकावर बसल्या बसल्या रात्र काढी. महात्मा गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिलेल्या पुस्तिकेत आपल्या मुंबई-मद्रास प्रवासाची हकिकत दिली आहे : २२ उतारूंसाठी नेमलेला डबा, त्यात केवळ बसण्याची सोय, आणि काढावयाच्या रात्री दोन. तक्रार अशी मोजून-मापून मांडलेली असल्यामुळेच ती आजही वाचणाऱ्याच्या मनाला लागते.

स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या वर्गासही निजण्याच्या फळ्या मिळू लागल्या, आणि १९७४ साली तिसरा वर्ग हे नावच रद्द होऊन त्याचा दुसरा वर्ग झाला. पण फळी लाकडाचीच राहिली. ती बदलण्याचे श्रेय मधु दंडवते यांचे. अहमदनगरात जन्मलेले, पदार्थविज्ञानाचे अध्यापन केलेले आणि कोकणातील राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते; त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडावर दोन इंच जाडीची फोमची गादी घालण्याची तजवीज केली. वरच्या वर्गाचे वैभव कमी करण्यापेक्षा खालच्या वर्गाची प्रतिष्ठा वाढवावी, ही त्यामागची दृष्टी होती. रेल्वेच्या इतिहासात पूल, बोगदे व वेगवान गाड्या यांना मोठे स्थान मिळते व ते योग्यच आहे. परंतु एका निर्णयाने किती पाठींना विसावा मिळाला, या मापाने पाहता या दोन इंचांची बरोबरी करील असे काम विरळा.

या डब्यातील झोप अखंड नसते. मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस कर्जतला थांबली, की मागून जादा इंजिने येऊन लागतात. बोरघाटाचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका असल्याने गाडी पुढून ओढावी व मागून ढकलावी लागते. ती इंजिने लागतानाचा धक्का वरच्या बर्थवरील अर्धवट निजलेल्या माणसास पाठीतून कळतो, खिडकीच्या आडव्या गजांतून बटाटेवड्याचा वास येतो, आणि पुढे घाटाच्या थंडीत उशाची पिशवी उघडून चादर काढावी लागते. कारण या वर्गात अंथरूण-पांघरूण ज्याचे त्याने आणावयाचे असते.

आरक्षणाच्या तक्त्यात पूर्ण बर्थ न मिळालेल्या दोघांना वाटेपलीकडचा खिडकीलगतचा खालचा बर्थ वाटून देतात. ते दोघे पाय आखडून समोरासमोर रात्र काढतात, आणि गैरहजर उतारूची जागा टीसीने त्यांतल्या एकास दिली तरच त्यांना आडवे होता येते. अलीकडे अनेक गाड्यांतून शयनयानाचे डबे कमी करून त्या जागी वातानुकूलित डबे जोडले जात आहेत; ज्यास ते भाडे परवडत नाही, तो अनारक्षित डब्याकडे वळतो. त्या डब्यात निजण्याची सोय आजही नाही. १९१७ च्या तक्रारीतील एवढा भाग निकालात निघणे अजून बाकी आहे, आणि तो निघेपर्यंत शयनयानाचा एकही डबा कमी होता कामा नये.