हूसुमचे तांबडे डुक्कर

श्रोतेहो, डुकराचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनी क्षणभर धीर धरावा. आजची हकीकत खरे तर एका ध्वजाची आहे.

इ. स. १८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी डेन्मार्कचा पराभव केला आणि श्लेस्विग प्रांत डेन्मार्कच्या हातून गेला. राज्य बदलले, परंतु तेथील डॅनिश शेतकऱ्यांची भाषा आणि निष्ठा कशी बदलणार? तांबड्या भूमीवर शुभ्र क्रूस असलेला त्यांचा ध्वज उभारण्यास प्रशियन सत्तेने मनाई केली. तेव्हा, असे सांगतात, हूसुमच्या परिसरातील शेतकऱ्यांनी अंगाने तांबडी आणि खांद्यावर पांढरा पट्टा असलेली डुकरे अंगणात मोकळी सोडली. काठीवरचा ध्वज शिपायाला उतरविता येईल, डुकराच्या कातडीवरचा कसा उतरविणार! यावरूनच त्याला ‘निषेधाचे डुक्कर’ हे नाव पडले. कथेत लोककल्पनेचा अंश असेलही, कारण जनावराचा वाण काही एका रात्रीत घडत नाही; इंग्लंडच्या तांबड्या टॅमवर्थ डुकरांचे रक्तही त्यात मिसळले असल्याचे मानतात. पण नाव टिकले, ते लोकांच्या मनाला पटले म्हणूनच.

१९२० च्या सार्वमतानंतर उत्तर श्लेस्विग डेन्मार्ककडे परतला. हूसुम मात्र जर्मनीतच राहिले. त्यामुळे १९५४ साली या डुकरास स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती जर्मनीत. १९६८ नंतर ते नामशेष झाले असे समजत. १९८४ मध्ये ते बर्लिन येथे पुन्हा आढळले. आज या जातीची थोडकीच जनावरे उरली असून त्यांचे जतन मुख्यतः जर्मन पशुपालकच करीत आहेत.