अपवादातून आलेली अनुमती : अमेरिकी विद्यार्थी-व्हिसाची कुळकथा

अमेरिकेत शिक्षणासाठी जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला लागणारा ‘एफ-१’ व्हिसा, म्हणजे त्या देशाच्या वकिलातीने पारपत्रावर नोंदवलेली प्रवेशाची पूर्वानुमती, महाराष्ट्रातील विद्यार्थी आज मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मागतात. त्यासाठी शिक्षणसंस्थेने दिलेले ‘आय-२०’ हे पात्रतापत्र, खर्चाची तरतूद दाखवणारे बँकेचे वा शैक्षणिक कर्जाचे कागद आणि अधिकाऱ्यासमोरची मुलाखत अशी तिहेरी तयारी करावी लागते. एखाद्या शैक्षणिक धोरणाने ही व्यवस्था एकदाच आखली असावी असे वाटणे स्वाभाविक असले, तरी तिचे मूळ शिक्षणाच्या इतिहासात नसून परकीयांना रोखणाऱ्या कायद्यांच्या इतिहासात आहे. विद्यार्थी हा त्या कायद्यांनी मान्य केलेला अपवाद होता, आणि त्या अपवादाची खातरजमा करण्यासाठी एकेका काळात ज्या अटी घातल्या गेल्या त्या एकावर एक साचून आजचा अर्ज तयार झाला.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा त्यांना कोणताही व्हिसा लागला नाही, कारण हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रवाशावर तसे बंधनच नव्हते. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेने दोन कायदे केले होते आणि त्या दोहोंत पुढच्या व्यवस्थेचे बीज होते. ऑगस्ट १८८२ च्या सर्वसाधारण कायद्याने, जो स्वतःचा निर्वाह करू शकणार नाही आणि सरकारी मदतीवर भार होईल अशा व्यक्तीला उतरू देण्यास मनाई केली. आज विद्यार्थ्याकडे पैशाचा पुरावा मागितला जातो त्यामागचा विचार इतका जुना आहे.

त्याच वर्षाच्या मे महिन्यातील दुसरा कायदा चिनी मजुरांना बंदी करणारा होता. चीनशी १८८० मध्ये झालेल्या करारानुसार विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी आणि प्रवासी यांना ही बंदी लागू नव्हती. परंतु येणारा मनुष्य मजूर नसून विद्यार्थी आहे हे ठरवायचे कसे, हा प्रश्न होता. त्यावर कायद्याच्या सहाव्या कलमाने असा उपाय काढला की, अशा व्यक्तीने नाव, वय, उंची, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण नमूद केलेला आपल्या सरकारचा दाखला आणावा. १८८४ च्या दुरुस्तीने त्यात निर्णायक भर घातली: निघण्यापूर्वीच अमेरिकी राजदूताने किंवा वाणिज्यदूताने दाखल्यातील मजकुराची सत्यता तपासावी, तो खरा आढळल्यास त्यावर आपला शेरा मारावा आणि खोटा आढळल्यास नकार द्यावा. परदेशी भूमीवरील अधिकाऱ्याने विद्यार्थ्याची शहानिशा करून मगच त्याला जहाजावर चढू द्यावे, ही आजच्या मुलाखतीमागची कल्पना येथे कायद्यात उतरली.

चिनी नागरिक वगळता इतरांसाठी मात्र वाट मोकळीच राहिली, आणि म्हणूनच १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही असा परवाना मिळवावा लागला नाही. पहिल्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. फेब्रुवारी १९१७ च्या कायद्याने आशियाचा एक विस्तीर्ण पट्टा ‘निषिद्ध क्षेत्र’ ठरवला व त्यात हिंदुस्थानाचा समावेश केला, तरी विद्यार्थ्यांना त्यातून सूट दिली. त्याच वर्षीच्या युद्धकालीन आदेशाने आणि १९१८ च्या कायद्याने पारपत्र व व्हिसा यांची सक्ती आली, आणि युद्ध संपल्यावरही ती उठली नाही.

१९२१ मध्ये अमेरिकेने प्रत्येक देशातून येणाऱ्या स्थलांतरितांची वार्षिक मर्यादा, म्हणजे कोटा, ठरवला. स्टीफन डुग्गन यांच्या नेतृत्वाखालील, १९१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन’ या संस्थेने विद्यार्थ्यांना त्या मोजणीतून वगळावे असा आग्रह सरकारकडे धरला. १९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला ‘कोट्याबाहेरचा’ असा स्वतंत्र दर्जा दिला आणि त्यासोबत अटीही घातल्या: त्याचे वय किमान पंधरा वर्षे असावे, येण्याचा हेतू केवळ अध्ययनाचा असावा, संस्थेची निवड त्याने आधीच केलेली असावी, ती संस्था सरकारमान्य असावी, आणि विद्यार्थ्याने शिक्षण सोडल्यास तसे कळवण्याची हमी तिने दिलेली असावी. नागरिकत्वास अपात्र मानल्या गेलेल्या आशियाई लोकांचा प्रवेश याच कायद्याने जवळजवळ बंद केला असताना, हिंदी तरुणांसाठी विद्यार्थी म्हणून जाण्याचा मार्ग या अपवादामुळेच उरला. शिक्षणसंस्थेला सरकारची खबर देणारी भागीदार करणारे कलमही हेच होते.

सध्याचे नाव १९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यातून आले. त्यातील तात्पुरत्या अभ्यागतांच्या यादीत विद्यार्थ्यांचे उपकलम ‘एफ’ या अक्षराखाली होते. स्वदेशी घर असलेला आणि ते सोडून देण्याचा हेतू नसलेला, अशी विद्यार्थ्याची व्याख्या तेथे केली गेली. शिवाय कलम २१४(ब) ने असे गृहीत धरले की, अर्जदार उलट सिद्ध करीपर्यंत कायमच्या वास्तव्यासाठीच येत आहे. सिद्धतेचा भार अशा रीतीने अर्जदारावर पडला आणि परतीच्या हेतूची चौकशी मुलाखतीच्या केंद्रस्थानी आली.

पुढचा टप्पा देखरेखीचा होता. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रावरील १९९३ च्या बाँबहल्ल्यात विद्यार्थी-व्हिसावर आलेली व्यक्ती सामील असल्याचे उघड झाल्यावर १९९६ च्या कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर गोळा करण्यास सांगितले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांपैकी एक जण भाषाशाळेसाठी व्हिसा घेऊन आला, पण शाळेत गेलाच नव्हता. त्यानंतर या कामाला वेग आला व २००३ मध्ये ‘सेव्हिस’ ही राष्ट्रीय नोंदप्रणाली सक्तीची झाली. १९२४ मध्ये संस्थांनी दिलेली हमी आता या प्रणालीतून पाळली जाते, आणि तिचा खर्च विद्यार्थ्याकडून शुल्करूपाने घेतला जातो. २०१९ मध्ये ते ३५० डॉलर झाले.

या क्रमातून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. पैशाची चौकशी, ओळखीची पडताळणी, संस्थेची मान्यता आणि परतीचा हेतू यांपैकी कोणतीही कसोटी विद्यार्थ्याची बुद्धी मोजण्यासाठी निर्माण झाली नाही. प्रत्येकीचा जन्म कोणाला तरी बाहेर ठेवण्याच्या गरजेतून झाला. म्हणून कलम २१४(ब) खाली मिळालेला नकार हा गुणवत्तेवरचा निकाल समजू नये; परिस्थिती बदलल्यास पुन्हा अर्ज करण्याची मुभा असते. उलट, खोटा कागद वा खोटे उत्तर कायमची प्रवेशबंदी ओढवू शकते. सत्य माहितीची तपासणी हाच १८८४ पासून या प्रक्रियेचा गाभा राहिला असल्याने, अर्जदाराने खरी आणि सुसंगत कागदपत्रे स्वतः समजून घेऊन सादर करावीत, आणि पालकांनी नकाराला अपयशाचे नाव देऊ नये.